बिनमुंडक्याची वहिनी

अकरा वर्षांची होऊनही ती काडीसारखी होती आणि बाप शिंपी, म्हणून सगळे तिला सुई म्हणत. तिची आई तीन दिवसांच्या तापात गेली. बाबांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. पण आठवड्याभरात त्यांनी दुकानातला कपडे बेतायचा पुतळा घरी आणला, त्याला आईचा निळा कोट चढवला आणि जेवायच्या टेबलाशी तिच्या खुर्चीवर बसवला. पुतळ्याला मुंडकं नव्हतं.

"दुकानात ओल येते," बाबा म्हणाले.

घर सांभाळायला धाकटी आत्या आली होती. पहिल्या दिवशी ती किंचाळली, दुसऱ्या दिवशी तिने नाक मुरडलं आणि तिसऱ्या दिवशी तिचं पुतळ्याशी वाजलं.

"दादा, वहिनीला सांग, मी एकटीच राबतेय म्हणावं."

"तिला काय बोलतेस? घर तिचं आहे."

झालं! आत्याने दोघांशी अबोला धरला. बाबांनी दुपारीच तो मोडला. पुतळ्याने मोडला नाही, हे तिला फार लागलं. "ताठा बघ कसा," ती सुईला म्हणाली, "एका शब्दाने विचारलं नाही मला!"

मधल्या मधे सुईचं भरीत होई. आत्याला आधी वाढलं की बाबा फुगत, कोटापुढे आधी ताट ठेवलं की आत्या उठून जाई. शाळेत पालकांची सभा होती, तर बाबा पुतळा काखोटीला मारून हजर! बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वहीत 'दोन्ही पालक उपस्थित' असं लिहिलं. सुईला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढे वर्षभरात आत्याचं आणि पुतळ्याचं चक्क गूळपीठ जमलं. भाजी निवडताना दोघी शेजारी बसत. एकदा जेवताना आत्या म्हणाली, "वहिनी म्हणते, सुई हल्ली फार उलट बोलते."

सुईने घास खाली ठेवला. "आई असं म्हणालीच नसती. आई मेलीय. आणि माझ्याकडे बघा जरा!" तिने दोन्ही हात पुढे केले. बाह्या मनगटाच्या पार वर चढल्या होत्या.

बाबांनी गळ्यातली टेप काढली, सवयीने माप घेतलं आणि तिथेच थबकले. "चार बोटं वाढलीस की गं! कधी?"

"आई गेल्यापासून."

बाबा फरशीवर बसले आणि टेप तोंडाला लावून हमसून हमसून रडू लागले. आत्याने मुकाट्याने पुतळा दुकानात परत न्यायला उचलला. तो दाराच्या चौकटीत अडला, तेव्हा आडवा करताना मात्र ती हळूच पुटपुटली, "सांभाळ हं, वहिनी."

सुईलाही रडायचंच होतं. पण बाबांना पाणी द्यायला दुसरं होतंच कोण? ती पेला भरायला उठली.