हसनभाईंचा सौदे हॉल

रेश्माचा फोन आला तेव्हा मी आष्ट्याच्या बाजारात भाजी घेत होते. "बाई, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली... सकाळची नमाज पढून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले. हसनभाईंवर लिहायला बसले आहे खरी, पण दुःखाचा सूर काही लागत नाही. हा माणूस आठवला की माझा हातच भराभर चालायला लागतो.

हसनभाई सांगलीतले हळदीचे अडते. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा त्यांची रेश्मा माझ्या वर्गात होती. ओळख तेवढीच. मी निवृत्त होऊन आष्ट्याला राहायला आले आणि एके दुपारी ते चादरीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून माझ्या दारात उभे राहिले. कोरेगावला नातलगांकडे गेले होते, तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना एक चित्र सापडलं होतं. तिकीट सांगलीचं होतं, पण तोवर दम धरवेना म्हणून ते मध्येच आष्ट्याला एसटीतून उतरले होते. "आवं बाई, आधी बघा तरी," म्हणत त्यांनी चादर सोडली. बसा म्हणायलाही त्यांनी मला उसंत दिली नाही.

विलायतेतल्या व्यापाऱ्यांच्या सौदे हॉलचं ते जुनं चित्र होतं. उंच कमानी, वरून उतरणारा उजेड, आणि खाली घोळक्या-घोळक्यानं उभे असलेले टोपीवाले व्यापारी. एकजण दुसऱ्याच्या कानाला लागलेला, एक तावातावानं बोट नाचवणारा, आणि सगळ्यांच्या पायांतून निघालेलं एक कुत्रं. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून हे कागदावर छापतात आणि मग कुणीतरी कुंचल्यानं एकेक रंग भरतं, असं मी सांगितलं. एका कोटाचा लाल रंग रेघेबाहेर गेला होता, तोही दाखवला. हसनभाईंनी त्या लाल डागाशी वाकून बघितलं. मग म्हणाले, "ही सगळी माणसं कवाच गेली असतील. पण सौदा बघा, अजून चालूच हाय."

आणि लगेच त्यांनी मला कामाला जुंपलं. त्यांचा हळदीचा जुना सौदे हॉल पाडून तिथं नवी इमारत उठायची होती. तो पडायच्या आत मी त्याचं असंच चित्र काढायचं, आतल्या सगळ्या माणसांसकट! मी आयुष्यभर मुलांना फुलदाण्या शिकवलेली बाई. मला जमणार नाही म्हटलं, तर ते चित्र माझ्याच भिंतीला टेकवून ते निघून गेले. रात्रंदिवस ते टोपीवाले माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी नवे कागद आणले.

पुढचे दिवस हसनभाई हॉलभर वाऱ्यासारखे फिरत होते. तोलाईवाले, हमाल, पोती शिवणाऱ्या बायका, प्रत्येकाला त्यांनी स्वतः आवतण दिलं. एकच माणूस येणार नव्हता. तात्या. पूर्वीचा जिवाभावाचा दोस्त. शेजारी-शेजारी दुकानं, पण कुठल्याशा सौद्यात फसवाफसवीचा संशय आला आणि दोघांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. रेश्मा सांगत होती, अब्बा तात्यांच्या दुकानाशी जाऊन दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा उंबरा चढले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तात्या, तुझ्याबिगर हॉल रिकामा दिसंल रं."

ठरल्या दिवशी मी पोत्यांच्या थप्पीवर बसून रेखाटत होते. हवेत हळदीची पिवळी धूळ, खाली नुसता गलबला. तेवढ्यात दारातून तात्या आले. कडक इस्त्रीचं धोतर, काळा कोट, लग्नाला निघाल्यासारखे. सगळा हॉल थबकला. कुठं उभं राहायचं, असं त्यांनी मला विचारलं, हसनभाईंना नाही. मी काही सांगायच्या आत हसनभाई पुढं झाले, त्यांचा हात हातात घेतला आणि वर खांद्यावरचा रुमाल टाकला. जुना सौदा असाच व्हायचा, भाव बोटांनी सांगायचा, रुमालाखाली. त्या दिवशी त्या बोटांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. माझ्या कागदावर दोघांचे चेहरे पुरे झाले, डोळ्यांतलं पाणीही मी टिपलं, तरी ते हात सुटले नव्हते!

मग रंगकाम. हसनभाई दर आठवड्याला येत, शेजारी खुर्ची ओढून बसत आणि हळद फिकी झाली म्हणून मला पुन्हापुन्हा पिवळा चढवायला लावत. हॉल पडला त्या दिवशी मात्र ते तिकडं फिरकले नाहीत, माझ्याकडेच बसून राहिले.

परवा त्यांच्या घरी गेले. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, म्हणून आतल्या खोलीत पडद्याआड. बाहेर तात्या आणि बाजारातली मंडळी मान खाली घालून बसलेली, समोर भिंतीवर आमचं चित्र. एक म्हातारा हमाल उठून चित्राशी गेला आणि हळूच म्हणाला, "ह्यो मी न्हवं. माझं मुंडासं कवा एवढं मोठं हुतं?" कुणीतरी म्हणालं, तूच तो. दुसरा म्हणाला, तो तर कवठे महांकाळचा महादू. तात्या चष्मा लावून उठले. बघता बघता सगळे चित्राला चिकटले, बोटं नाचायला लागली, आवाज चढले. रेश्मा घाबरून पडद्याशी गेली आणि यांना गप करू का, असं आईला विचारू लागली.

पडद्यामागून भाभींचा आवाज आला, "नको गं. बोलू दे त्यांना. मी ऐकतीया."