खिडकीजवळचं ताट

कॅरियाकू बेटावरच्या एथलिनच्या खानावळीत टेबलं पाचच, पण तिच्या हातचा शंखाच्या मांसाचा रस्सा आणि मक्याच्या पिठाचा घट्ट कोकू खायला शेजारच्या बेटावरून बोटीने माणसं येत. बाईच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. "वरून मीठ मागायचं असेल तर घरी जाऊन जेवा," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची.

खिडकीजवळच्या टेबलावर मात्र ती कोणाला बसू देत नसे. तिथे रोज दुपारी डेनरॉयचं ताट वाढलेलं असे. डेनरॉय तिचा एकुलता एक मुलगा. शंख काढायला समुद्रात गेला. होडी सापडली, तो नाही. त्याला चौदा महिने झाले होते. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी ताट वाढतात ते अळणी. मिठाचं त्यांना चालत नाही. नणंद त्यासाठी सारखी मागे लागली होती, पण एथलिनचं एकच म्हणणं, "माझं पोर जिवंत आहे. त्याला मी अळणी वाढणार नाही."

अन्न वाया जाऊ नये म्हणून संध्याकाळी ते ताट तिथेच बसून लिनस जेवायचा; तेवढी सूट त्यालाच होती. तो होड्या बांधणारा म्हातारा, एकटा जीव. एथलिनला समजवायची आमच्यातल्या कोणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनही होत नव्हतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी लिनस नेहमीसारखा खिडकीशी बसला. पहिला घास घेतला आणि ओरडला, "एथलिन, म्हातारी झालीस गं! मीठच विसरलीस!"

सगळी खानावळ हसली. "आता कोणी घरी जाऊन जेवायचं?" मागून एकाने टोमणा मारला.

एथलिन हात पुसत बाहेर आली. "विसरले नाही, लिनसदादा."

हसू तिथल्या तिथे थांबलं. लिनसने घास कसाबसा गिळला, टोपी काढली आणि ताट दोन्ही हातांनी परत जागेवर सरकवलं.

"सांगायचं नाहीस का, बाई?"

"कशी सांगू? जीभच उचलेना." ती त्याच्यासमोर बसली. "पहाटे स्वप्नात आला होता. याच खुर्चीत. पुढ्यात भरलेलं ताट. मी म्हटलं, जेव रे बाबा. नुसता बघत राहिला. हात लावेना."

तिला हुंदका आवरेना.

"चौदा महिने, दादा! रोज वाढलं, आणि रोज उपाशी ठेवलं मी त्याला."