मिरचीच्या कुंड्यांमधली माती

कारेलीबागेतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मिरचीच्या सहा कुंड्या होत्या. खुरपायचे मी, पण मालकी सासूबाईंची. बडोद्यात पन्नास वर्षं काढूनही त्यांचं इथल्या मिरचीशी काही जमलं नव्हतं. "ही मिरची आहे की भेंडी?" असं त्या भाजीवाल्याला तोंडावर विचारायच्या. त्यांचं बी माहेरचं, जळगावकडचं. भावाने शेत विकलं तेव्हा त्यांनी तिथून मूठभर वाळलेल्या मिरच्या आणल्या होत्या. दरवर्षी त्यातलंच थोडं बी पेरायच्या. यंदा डबीत उरलेलं सगळं पेरलं आणि जुनं झाल्यामुळे उगवली फक्त सहा रोपं. ती गेली असती तर बीच संपलं असतं.

आणि नेमकी तीच पिवळी पडायला लागली. पानं आकसली, सुरकुतली, कडा करपल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या बेन चहाची साखर मागायला आल्या आणि बाल्कनीत डोकावून म्हणाल्या, "भाभी, आ तो कोकडवो थयो. खाटी छाश छांटो." कोकडवो म्हणजे पानं आकसण्याचा रोग. मी आंबट ताक फवारलं. दोन दिवस बाल्कनीला वास आणि कुंड्यांना मुंग्या. मग कडुनिंबाचं तेल झालं. मग पांढऱ्या कागदावर पानं झटकून भिंगातून किडे शोधले. एकही सापडला नाही.

मला माणसांनी दिलेला सल्ला आवडत नाही, मोबाइलने दिलेला चालतो. त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते की पान पिवळं म्हणजे रोप उपाशी. मी युरिया आणला. सासूबाईंना विकतच्या खताचा तिटकारा, म्हणून दर रविवारी त्या आंघोळीला गेल्या की मी प्रत्येक कुंडीत एक चमचा टाकायचे. लवकर गुण यावा म्हणून पुढे दोन टाकले. रोपं आणखीच मलूल झाली. मी कुंडीवर, मोबाइलवर, नवऱ्यावर, सगळ्यांवर चिडत होते.

एका दुपारी सासूबाईंनी पाट मागवला आणि कुंड्यांजवळ बसल्या. त्यांना आता माणसाचा आकार तेवढा दिसतो, चेहरा दिसत नाही. बेनही तेव्हा आमच्याकडेच होत्या. सासूबाईंनी एकेका पानाची मागची बाजू बोटाने चाचपली. म्हणाल्या, "कीड असली की पान चिकट लागतं. हे पापडासारखं कोरडं आहे. रोग वर नाही, खाली आहे." मग मुळाशी बोट खुपसलं, चिमूटभर माती काढली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"आई, अहो!" मी ओरडले. बेननी तोंडावर हात ठेवला. सासूबाई मात्र आमटीची चव बघावी तशा शांत होत्या. दुसऱ्या कुंडीची माती चाखली, मग तिसऱ्या. तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "खारट आहे. हे माझंच काम."

मला आधी कळेना. मग त्यांनीच सांगितलं. पितळेचे देव पूर्वी सणावारी चिंच-मिठाने घासले जायचे. नजर गेल्यापासून देव लखलखतात की नाही हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्या रोज घासत होत्या, बोटाखाली कुरकुर वाजेपर्यंत, मूठमूठ मीठ लावून. देवांचं पाणी मोरीत ओतायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. आधी त्या ते खाली जास्वंदीला घालायच्या. जिना उतरणं बंद झाल्यावर ते मिरच्यांना मिळू लागलं होतं. मी ते रोज बघत होते आणि माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं.

आपल्या माहेरचं शेवटचं बी आपल्याच हातून मरत होतं, हे ती बाई शेजारणीसमोर बिनदिक्कत बोलली. ना रडणं, ना देवाच्या नावावर ढकलणं. वय झालंय गं, हेही नाही. मी आयुष्यात इतकी सरळ कबुली कुणाची ऐकलेली नाही. आणि मी, पदवीधर, मूग गिळून उभी. दोन-दोन चमचे माझ्या हातचे होते.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळी रोपं उपसली, मुळं धुतली, नव्या मातीत लावली. त्या हाताने चाचपून सांगत होत्या, "हे मूळ काप, हे राहू दे." दोन रोपं गेली. उरलेल्या चारांना तीन आठवड्यांनी नवी पानं आली, सपाट आणि हिरवी. त्या रोज त्यांच्यावरून बोट फिरवायच्या आणि येईल-जाईल त्याला सांगायच्या, "मी मारायला निघाले होते, सुनेने वाचवली." आधी मी हसून वेळ मारून नेली. मग ते ऐकवेना. मला स्वतःची लाज वाटत होती.

एका सकाळी त्या देव पुसत बसल्या होत्या, आता नुसत्या ओल्या फडक्याने. मी समोर जाऊन बसले. "आई, मीठ तुमचं होतं, पण मी त्यात युरिया टाकत होते. महिनाभर. तुमच्यापासून लपवून."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. हातातलं फडकं थांबलंसुद्धा नाही. "मीठ नुसतं खारट लागतं. तुझं ते जिभेला गार लागलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"शेजारीण उभी होती ना."