बागेतली दोघं

"ऑप्शन हाय!" असं म्हणत तो उजव्या हाताचा पंजा सुलटा-उलटा करून दाखवायचा. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा मिळाली नाही, ऑप्शन हाय. गोडाऊनची लाइट गेली, ऑप्शन हाय. मी घरी डबा विसरले तर स्वतःची भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवायचा आणि वर तेच. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल, ज्याला कुठलीच वाट बंद झालेली दिसत नाही. अशा माणसांचा सुरुवातीला राग येतो. निदान मला तरी यायचा.

भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये मी बिलिंगला होते आणि तो डिस्पॅचला. चादरी, पडदे, टॉवेल असा माल आम्ही परदेशी पाठवायचो. तो जवळच्याच गावातला, तिशी ओलांडलेला, घरी फक्त आई. मला ताई म्हणायचा. मी त्याच्याहून फार मोठी नव्हते, पण ताई म्हटल्यावर बोलायचा हक्क मी लगेच घेऊन टाकला.

त्याचं प्रेम जमलं ते तक्रारीतून. परदेशातल्या एका दुकानात गेलेल्या चादरींवर लूमच्या तेलाचे डाग निघाले. तिथे काम करणाऱ्या बाईने डागांचे फोटो मेलवर पाठवले आणि साहेबांनी उत्तर द्यायचं काम याच्यावर ढकललं. दुसरा कोणी 'माल बदलून देतो' असं लिहून मोकळा झाला असता. याने डागावर खडूची पूड कशी पसरायची, किती वेळ ठेवायची, मग साबण कसा चोळायचा, हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून पाठवलं. तिने करून बघितलं. डाग गेला. मग डाग संपले तरी मेल संपेनात.

ती कुठल्या देशातली, हे तो कधी नावाने सांगायचा नाही. 'तिकडे' म्हणायचा. "तिकडे आज बर्फ पडलाय." "तिकडे भेंडी मिळत न्हाय." हळूहळू आम्हीही तिकडेच म्हणायला लागलो. आमच्या जेवणाच्या सुट्टीत तिकडे सकाळ व्हायची. तो मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि ती केस विंचरता विंचरता आम्हा एकेकाला विचारायची, "जेवलात का?" एवढं मराठी त्याने तिला शिकवलं होतं. तोंडात घास असताना मान हलवून हो म्हणायची आम्हाला सवय झाली. हमाल तिला भाभी म्हणायचे.

सगळं झालं होतं, फक्त ही दोघं एकदाही भेटली नव्हती.

नाक्यावरच्या एका एजंटाकडे जाऊन तो व्हिसाचं सगळं विचारून आला होता आणि रिक्षात बसल्या बसल्या मला समजावून सांगायचा. लग्न ठरलेल्या माणसाला तिकडे जायचा वेगळा व्हिसा होता. पण त्यासाठी आधी एकदा प्रत्यक्ष भेटल्याचा पुरावा लागायचा.

"म्हणजे भेटायला जायचं तर आधी भेटलेलं पाहिजे?" मी विचारलं.

"हां. पण ऑप्शन हाय. टुरिस्ट म्हणून जायचं."

"आणि ती इकडे आली तर? तिला आपला व्हिसा घरबसल्या मिळतो असं तूच म्हणालास ना?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काही वेडंवाकडं बोलले होते. "मुलगी कशी येईल ताई आपल्याकडं? आपण जायचं. तिच्या बापासमोर बसायचं, मागणी घालायची. रीत हाय ती."

मी त्याला रिक्षातच मूर्ख म्हटलं. ती यायला तयार होती. रजासुद्धा मागून ठेवली होती तिने. पण मुलगी बघायला मुलाकडच्यांनी जायचं, मुलीने उठून मुलाच्या दारात यायचं नाही, यावर मायलेकरांचं एकमत होतं. समुद्रापलीकडच्या मुलीलाही त्यातून सूट नव्हती. आईने तर त्या व्याह्यासाठी टॉवेल-टोपी आणून ट्रंकेत ठेवली होती. त्या माणसाच्या डोक्यावर ती टोपी कशी दिसेल यावर आम्ही बरेच दिवस हसलो.

आता फोटोचं सांगते. आमच्याकडे फोटो जोडून घ्यायची पद्धत आहे. लग्नाच्या वेळी नेमका सौदीला असलेला भाऊ मागाहून ग्रुप फोटोत उभा राहतो. माझ्या सासूबाई धाकट्या दिराच्या लग्नाआधीच गेल्या, तरी त्याच्या अल्बममध्ये त्या अक्षता टाकताना दिसतात. ही लबाडी आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. ते माणूस तिथे असायला हवं होतं, म्हणून ते असतं.

तर निजामपुऱ्यातल्या एका स्टुडिओत हा मला घेऊन गेला. तिचा फोटो मोबाईलमध्ये होता, याचा तिथेच काढला. स्टुडिओवाल्या चाचांनी विचारलं, "भाभी को कहाँ खडा करूँ? ताजमहल है, बर्फवाला पहाड है, बगीचा है."

"बगीचा," तो कान लाल करून म्हणाला. "और थोडा पास में, चाचा. लेकिन ज्यादा पास नहीं."

फोटो आला. मागे कारंजं आणि कुठलीशी रंगीत फुलं. तिच्या अंगात बर्फातला जाड कोट, याच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. तिची सावली डावीकडे पडलेली, याची उजवीकडे. पण चेहरे असे जुळले होते की दोघं एकाच गोष्टीला हसतायत असं वाटावं. आईने तो भिंतीवर लावला आणि आल्यागेल्याला "ही माझी सून" म्हणून दाखवायला लागली.

त्याच फोटोची एक प्रत त्याने टुरिस्ट व्हिसाच्या कागदांना लावली. कोणाला विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. मलाही वाटलं नसतं.

मुंबईला मुलाखत झाली त्या दिवशी दुपारी तो थेट गोडाऊनला आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेबानं विचारलं, कधी भेटलात? मी म्हटलं, अजून न्हाय. मग म्हणाला, हा फोटो कसा? मी म्हटलं, जोडलाय साहेब. चांगला जोडलाय ना?"

"मग?"

"मग काय, हा कागद दिला."

खोटा पुरावा दिल्याबद्दल अर्ज नाकारला होता. यापुढच्या अर्जांवरही त्याचा परिणाम होईल, असं खाली लिहिलं होतं. मी वाचून कागद परत दिला. दारात गाडी लागली होती. त्याने मुलाखतीचा शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि खोके मोजून घेतले. मी बिल केलं. मला तेव्हा रडू यायला हवं होतं, असं आज वाटतं. आलं नाही. काहीच आलं नाही. एका हमालाने "भाभी का क्या हुआ?" म्हणून विचारलं, तर याने पंजा सुलटा-उलटा करून दाखवला. तोंडाने मात्र काही म्हणाला नाही.

त्यानंतर आईसुद्धा नरमली. "येऊ दे तिलाच. मी जाते इमानतळावर आणायला," म्हणाली. पण तेवढ्यात तिकडे तिच्या वडिलांना लकवा झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं, ती त्यांना सोडून निघणार कशी? जेवणाच्या सुट्टीत आता तिच्या मागे त्यांची खाट दिसायची. ती "जेवलात का?" विचारायची आणि आमचं उत्तर येण्याआधीच उठून खाटेकडे जायची.

एजंट म्हणाला, पासपोर्टवर शिक्के पाहिजेत. आखातात दोनेक वर्षं गोडाऊनची नोकरी करा, मग तिथून अर्ज टाका, वजन पडेल. याने करारावर सही केली. निघायच्या दिवशी मी नाक्यापर्यंत त्याच्याबरोबर आले. ट्रकच्या हॉर्नमध्ये त्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. "हाच एक ऑप्शन हाय ताई," तो म्हणाला. 'हाच एक' हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

तो गेला आणि काही महिन्यांत तिचे वडील वारले. ती मोकळी झाली तेव्हा हा अडकलेला. करार संपेपर्यंत कंपनी त्याला सोडणार नव्हती. भिवंडीत असता तर ती सरळ त्याच्या घरी आली असती, सुनेसारखी राहिली असती. शेवटी तीच आखातात गेली, थोड्या दिवसांसाठी. म्हणजे एवढं सगळं करून शेवटी मुलगीच मुलाला भेटायला आली.

मला त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. खाली एकच शब्द होता, "भेटलो."

मी फोटो मोठा करून आधी सावल्या बघितल्या. एकाच बाजूला पडल्या होत्या. तसा फोटो भिकारच होता. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाला तरी काढायला लावलेला, वाकडा, याचं कपाळ कापलेलं. निजामपुऱ्याच्या चाचांनी असा फोटो गिऱ्हाइकाच्या हातात दिला नसता. मागे समुद्र होता. ती चेहऱ्याने फार ओढली होती, याचे केस विरळ झाले होते. दोघांच्या मध्ये तिसरं माणूस आरामात उभं राहील एवढी जागा होती. हसत होती दोघंही, पण फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतो तसं.

मी 'अभिनंदन' लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, "जेवलात का?" त्याने वाचल्याची निळी खूण आली.

ती परत तिकडे गेली. भांडण झालं नाही, मोडलं असंही कोणी म्हणालं नाही. "फोनवर किती बोलायचो. समोर बसली तर काय सुचंच ना, तिलाबी आन् मलाबी," एवढं त्याने आईला सांगितलं. हळूहळू फोन थांबले. करार संपल्यावर तो घरी येईल असं वाटलं होतं. त्याने तिथेच पुढचा करार केला. गोडाऊनमध्ये त्याच्या जागी नवा माणूस आहे. चांगला आहे, कामाला बरा आहे.

गेल्या महिन्यात मी तो समुद्राकाठचा फोटो मोठा करून, फ्रेम घालून त्याच्या आईकडे नेला. काही झालं तरी दोघांचा खरा फोटो तोच एक. आईने तो हात लांब धरून बराच वेळ बघितला, मग दाराच्या उजेडात नेऊन बघितला.

"ह्यो न्हाय लावत बाय," ती म्हणाली. "ह्यात ती दोघं भेटल्यासारखी वाटत न्हाईत."

तिने फ्रेम माझ्या हातात परत दिली, पदराने भिंतीवरच्या बागेतल्या फोटोची काच पुसली आणि चहा ठेवायला आत गेली.