शेजारचा खड्डा

शेजारच्या काकांनी बंगला पाडून कॉम्प्लेक्स बांधायला काढलं, तेव्हा हैदराबादेतल्या आमच्या सगळ्या नारायणगुड्यालाच ती हवा लागली होती. बाजार खुला झाला होता. रंगीत टीव्हीची दुकानं आणि कोचिंग क्लासवाले जागा शोधत फिरत होते. बांधा की, माझी ना नव्हती. पण त्यांनी तळघर, म्हणजे इथल्या भाषेत सेलर, खणायला घेतलं ते आमच्या भिंतीला अगदी खेटून. भिंतीच्या अलीकडे आईची मराठी बालवाडी भरायची. हैदराबादेत वाढणाऱ्या पोरांना चार मराठी गाणी तरी यावीत, एवढाच तिचा हट्ट.

मी तेव्हा पॉलिटेक्निकात पाया आणि माती हाच विषय शिकवत होते. काकांना सांगितलं, आधी खड्ड्याच्या कडेला आधार द्या. ते हसले.

"हौ, पण तुमच्या भिंतीला हात कुठं लावला आम्ही? आपल्याच जागेत खोदून राहिलो. बिलकुल टेन्शन घेऊ नका."

घरी येऊन मी परातीत तांदळाचा ढीग केला, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाबांना समोर बसवलं. तांब्याखालच्या तांदळाला हात न लावता एका कडेचे तांदूळ ओंजळीनं काढत गेले.

"वजन नुसतं सरळ खाली जात नाही, बाबा. एक दाणा शेजारच्यांना रेटतो, ते पुढच्यांना, असं ते पसरत जातं. बाहेरचे दाणे उलटे रेटतात म्हणून मधले जागेवर राहतात. आपल्या घराखाली असाच सुट्या दाण्यांचा मुरूम आहे. काकांनी बाहेरचे दाणेच उचललेत."

तांब्या कलंडला. बाबांनी पंच्यानं पाणी पुसलं.

"कळलं गं. पण त्यांना बोलायचं कसं? इतक्या वर्षांचा घरोबा."

बाबा जुन्या सरकारी नोकरीतले. कुणाच्या दारी तक्रार घेऊन जाणं त्यांच्या तहजीबमध्ये बसत नव्हतं. माझ्या कटकटीला कंटाळून शेवटी गेले, तर काय केलं? चहा घेतला, कॉम्प्लेक्सला शुभेच्छा दिल्या आणि काकूंनी दिलेला लाडवांचा डबा घेऊन आले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्युनिसिपालिटीत अर्ज द्यावा म्हटलं, तर घर त्यांच्या नावावर, सही त्यांचीच हवी. ती त्यांनी केली नाही.

भिंतीला तडा गेला. आईनं मुलांच्या सतरंज्या पलीकडच्या कोपऱ्यात सरकवल्या आणि शिकवत राहिली. रोज सकाळी ती तडा बघायची, मग बाबांकडे बघायची. बाबा पेपर वाचायचे.

दसऱ्याच्या सुट्टीत भर दुपारी ती भिंत अर्ध्या छपरासकट खड्ड्यात गेली. पाट्या, खेळणी, आईची गाण्याची पेटी, सगळं खाली. शाळा चालू असती, तर पोरंही तिथंच असती.

काका धावत आले. त्यांचं खोदकाम आता अडणार होतं. बाबा पुढे झाले, आणि माझ्या देखत हात जोडून म्हणाले, "माफ करा, आमच्यामुळे तुम्हाला फार तकलीफ झाली."

काकांनी मोठ्या मनानं माफ केलं.

आई उघड्या पडलेल्या खोलीच्या दारात उभी होती. ती बाबांना एवढंच म्हणाली, "माफी मागायचीच होती, तर माझी मागायची होती."

ती मात्र बाबांनी मागितली नाही.