नदीकाठची खालची वाट

कुत्रा आणायची कल्पना मुलाची होती आणि त्याला फिरवायचं काम पडदेवालीच्या गळ्यात पडलं होतं.

पडदेवाली म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरात पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणारी बाई. साठीला टेकलेली, पण हाताला उरक होता आणि तोंडालाही. नवऱ्याने उभं आयुष्य लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत त्याच्या अंगावरून वारं गेलं. वाचा परत आली, हात परत आला. डावा पाय मात्र ओढतच राहिला. डॉक्टर म्हणाले, आता औषध एकच, रोज चालायचं.

ड्रायव्हर चालेना. सकाळी खिडकीशी खुर्ची ओढून बसला की जेवायलाच उठायचा. शेवटी मुलगा दुसऱ्या शहरातून येऊन एक काडीसारखं कुत्रं घरात ठेवून गेला. "याच्यासाठी तरी बाबांना उठावंच लागेल," म्हणाला. कुत्र्याच्या फासळ्या दिसत होत्या, म्हणून त्याचं नाव पडलं पैलवान.

वस्तीमागच्या पंपहाऊसपासून दरी सुरू व्हायची. दाट झाडीतून पायवाट होती, एका अंगाला चढ आणि दुसऱ्या अंगाला खोल खाली नदी. रोज संध्याकाळी तिघं निघायची आणि पहिल्या वळणावरचं बाकडं आलं की ड्रायव्हर बसकण मारायचा.

"तू ये जाऊन. माझं इथवरच."

"डॉक्टरांनी पुलापर्यंत सांगितलंय."

"डॉक्टरांना म्हणावं, माझा पाय घेऊन तुम्हीच जा पुलापर्यंत."

मग ती एकटीच पैलवानाला घेऊन पुढे जायची. मशीनवर अर्धवट शिवलेलं कापड डोळ्यांपुढे असायचं, मान आखडलेली असायची. वाटेत औषधांच्या दुकानातली बाई तिच्या केसाळ कुत्रीला घेऊन भेटायची आणि न चुकता विचारायची, "काका नाही आले?" पडदेवालीला या प्रश्नाचा वीट आला होता. त्यात पैलवानाचा एक वेगळाच ताप होता. पुढे एका वाकलेल्या झाडापाशी एक अरुंद वाट फुटून नदीकडे उतरायची, आणि तिथे आलं की कुत्रं हटकून खाली ओढ घ्यायचं. ती पट्टा खेचायची, दटावायची, ओढत वर आणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी दोघांपैकी कुणीच आपलं ऐकत नाही, असं तिला वाटायचं, आणि त्या वाटण्यात खोटं काही नव्हतं.

त्या आठवड्यात एका दातांच्या दवाखान्याचे पडदे द्यायचे होते आणि अस्तर चुकीच्या रंगाचं आलं होतं. दिवसभर त्याचीच भुणभुण होती. संध्याकाळी ती फोन मशीनवरच विसरून निघाली. माती ओली होती. वाकलेल्या झाडापाशी पैलवानाने नेहमीसारखा हिसका दिला, आणि तिचा पाय सटकला. खालच्या वाटेवर ती चांगली घसरत गेली आणि एका झाडाच्या बुंध्याला अडकली. घोटा मुरगळला होता. पट्टा हातातून सुटला तसं कुत्रं झाडीत पसार झालं.

तिने हाका मारून पाहिल्या. औषधवाली बाईही आज नेमकी नव्हती. "आता 'काका नाही आले?' विचारायला तरी ये," ती स्वतःशीच पुटपुटली. घोटा सुजत चालला होता. तिला रडू यायला हवं होतं, पण नुसता संताप येत होता. कुत्र्याचा, अस्तराचा, मुलाचा, आणि बाकड्यावर हवा खात बसलेल्या माणसाचा.

थोड्या वेळाने पैलवानाचं भुंकणं ऐकू आलं आणि मागोमाग काठीचा आवाज. वळणावरून ड्रायव्हर उतरत होता. अंग तिरकं करून, एका हाताने फांदी धरत, पुढचं पाऊल कुठे पडणार हे पाहायचीही गरज नसल्यासारखा.

"त्या मुळाला धरू नकोस, हलतं ते," तो म्हणाला. "हा दगड पक्का आहे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला काय माहीत?"

त्याने काठी बुंध्याला टेकवून ठेवली. पैलवान त्याच्या पायांशी शेपूट हलवत उभा होता.

"अहो, मी विचारतेय."

"दुपारी येतो मी. तू मापं घ्यायला जातेस तेव्हा. याला घेऊन."

"इथे? या वाटेने?"

"इथे कुणी नसतं."

पडदेवालीचा घोटा क्षणभर दुखायचा थांबला. "मग रोज संध्याकाळी त्या बाकड्यावर काय नाटक चाललं होतं? मी हातातलं काम टाकून वणवण करते, लोकांना उत्तरं देते, आणि तुम्ही चालू शकता?"

"चालू शकतो. तू बरोबर असलीस की नाही चालता येत."

"म्हणजे मीच वाईट."

"टाच टेका, गुडघा वाकवा, समोर बघा. पावलागणिक सूचना." तो शांतपणे म्हणाला. "भरलेली बस घाटातून न्यायचो मी. शेजारी बसून कुणी गिअर सांगितला नाही."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू बरोबर आली असतीस."

तिचा राग आणखीच वाढला. तो खाली वाकला. तिने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं लंगडत वर चढू लागली.

घोट्याला प्लास्टर बसलं. दातांच्या दवाखान्याच्या पडद्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. ड्रायव्हर आता दोन्ही वेळा उघडपणे कुत्र्याला घेऊन जायचा, आल्यावर पट्टा खुंटीला लावायचा आणि कुठवर गेलो ते सांगायचा नाही. औषधवाली बाई गोळ्या द्यायला आली तेव्हा म्हणाली, "काका पुलाच्याही पुढे भेटले हो." पडदेवालीला बरं वाटलं, आणि हे परक्याकडून कळावं याचं वाईटही वाटलं.

प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी, तो आंघोळीला गेलेला असताना, ती एकटीच दरीत गेली. जपून जपून खालच्या वाटेने नदीपर्यंत उतरली. तिथे काहीतरी असेल अशी तिची समजूत होती. थोडी वाळू होती, गढूळ पाणी होतं आणि काठाला अडकलेली एक प्लास्टिकची बाटली. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली.

घरी आली तेव्हा ड्रायव्हर चहा घेत होता. त्याने तिच्या चपलांकडे पाहिलं.

"चिखल आहे का खाली?"

"आहे थोडा," ती म्हणाली आणि पाय धुवायला आत गेली.