टॉवेलखालचा ॲम्प

"आधी नाव झाकायचं," असं म्हणून ते पिशवीतला निळ्या रेघांचा टॉवेल काढायचे आणि ॲम्पच्या तोंडावर टाकायचे. मग ॲम्पकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. पन्नाशी उलटलेला, शर्ट व्यवस्थित खोचलेला, सरकारी कचेरीतला सुपरिंटेंडेंट भर दुकानात शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडं बघत उभा आहे, हे दृश्य बेळगावात फार जणांनी पाहिलेलं नसेल. मी पाहिलंय, कारण त्यांच्या पाठीमागं गिटार घेऊन मीच बसलेला असायचो.

त्यांचं नाव मी तुम्हाला आत्ता सांगत नाही. त्यांच्याच नियमानं चाललोय. आधी ऐका.

आमच्या कचेरीत फायली कानडीत, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा मराठीत आणि भांडणं हिंदीत चालतात. मी तिथं साधा क्लार्क. तिशी उलटल्यावर मला इलेक्ट्रिक गिटारचं खूळ लागलं. गिटार घेतली, पण ॲम्प ठरेना. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज असा नसतोच. ती बोलते ते ॲम्पच्या तोंडानं. त्यातून मला हवा होता जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, स्पीकर त्याच खोक्यात असलेला. रोज डबा उघडायचा आणि मोबाईलवर ॲम्पचे व्हिडिओ बघत बसायचं, असं चाललं होतं.

एक दिवस ते माझ्या मागं येऊन थांबले. तोवर आमचं बोलणं 'फाईल कुठं हाय' आणि 'सही झाली काय' एवढंच.

"काय बघालास रं?"

"ॲम्प, साहेब. व्हॉल्व्हचा घ्यायचाय. तीस वॉटचा."

"ऱ्हातोस कुठं?"

"पिरनवाडीत. दोन खोल्या हायत."

"मग तीस वॉट घेऊन काय सगळी पिरनवाडी उठवून बसवणार हैस व्हय?"

आणि समोरची खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी मला कळलं की आमचे साहेब गिटार वाजवतात. वाजवतात म्हणजे काय, निपाणीकडच्या खेडोपाडी जयंतीला जी गायन पार्टी जायची, तिच्यात कॉलेजपासून ते लीड वाजवायचे. आई-वडील दोघंही तंबाखूच्या वखारीत कामाला. घर बौद्ध वस्तीत, विहाराला लागून. पहिला ॲम्प त्यांनी कुणीतरी टाकून दिलेल्या रेडिओतून स्वतः केला होता. "वाजत कमी हुता, तापत जास्त हुता," ते म्हणाले. "थंडीच्या दिवसांत पार्टीतली सगळी त्येच्याभोवतीच बसायची."

लहान ॲम्पच का, हे त्यांनी मला भाकरीचा घास हातात धरून समजावलं. व्हॉल्व्हचा ॲम्प मोठा केला की खुलतो. तीस वॉटच्याचं बटण घरात दोनच्या पुढं नेता येत नाही, म्हणजे जन्मभर तो तोंड मिटून बसणार. त्यापेक्षा पाच वॉटचा घ्यावा. तो सहावर नेला तरी भिंतीपलीकडची म्हातारी उठत नाही, आणि पुढं माईक धरला की मंडपालाही पुरतो. "मोठ्या डब्यात आवाज ऱ्हातोय," ते म्हणाले, "लहान डब्यातनं त्यो भायेर येतोय." मी मान डोलावली. मनातून अजून तीस वॉटच हवा होता, खोटं कशाला बोलू?

मग आमचे शनिवार सुरू झाले. कचेरी सुटली की कॅम्पातल्या एका वाद्यांच्या दुकानात जायचं. तिथं गोव्यातल्या हॉटेलांत वाजवणाऱ्यांचे जुने ॲम्प विकायला येतात. परीक्षेची पद्धत त्यांची, बोटं माझी. ॲम्प चालू केला की मी लगेच तार छेडायला जायचो, आणि ते भिंतीकडूनच म्हणायचे, "स्वल्प तडी." कानडीतलं 'जरा थांब'. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं. तेवढ्यात ते दुकानदाराच्या पोरीच्या लग्नाची चौकशी उरकून घ्यायचे.

परीक्षा तीन. पहिल्यांदा अगदी हळू, एकच तार. तिच्यावरून दोन माणसांना साध्या आवाजात बोलता आलं पाहिजे आणि तारही ऐकू आली पाहिजे. मग जोरात सगळ्या तारा. आवाज फुटला तर चालेल, पण किंचाळलेला चालणार नाही. तिसऱ्यांदा, ॲम्पला हात न लावता गिटारवरचं बटण कमी करायचं. फुटलेला आवाज तेवढ्यावर निवळला पाहिजे. "भांडून झाल्यावर माणूस परत नीट बोलतोय का, ते बघायचं," असं ते या तिसऱ्या परीक्षेबद्दल म्हणायचे. ज्या एका डब्यात तिन्ही जमतात तो कुठंही चालतो, भजनाला चालतो, गझलेला चालतो, पोरांच्या धिंगाण्याला पण चालतो.

दुकानदार कावून जायचा. "अहो साहेब, नाव तर बघा. ह्या नावासाठी लोक मुंबईस्नं फोन करत्यात."

"बघणार की," ते म्हणायचे. "ऐकून झाल्यावर."

आणि खरंच बघायचे. तिन्ही परीक्षा झाल्या, पास-नापास ठरलं, की ते वळायचे, स्वतःच्या हातानं टॉवेल काढायचे, चष्मा वर करून नाव वाचायचे. भारी नावाचे दोन ॲम्प त्यांनी असे नापास केले. एकदा एक पासही झाला, तेव्हा त्याला "शाब्बास" म्हणाले, पण तो तीस वॉटचा निघाला. मी आशेनं बघितलं. ते म्हणाले, "तू गप."

हे झाकाझाकीचं वेड कुठनं आलं, हे मी एकदा दुकानाबाहेर चहा घेताना विचारलं. त्यांनी हसत हसत सांगितलं. कॉलेजात असताना कुठल्याशा स्पर्धेत ते वाजवायला बसले. परीक्षक पुढच्या रांगेत. "वाजवताना 'वा' म्हणालं. नंतर कागदावर आडनाव वाचलं, आणि 'हं' म्हणालं." एवढंच. बक्षिसाचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पैल्यांदा राग आला. मग वाटलं, निदान 'वा' तर म्हणाला की गडी. तवापासनं ठरवलं, आपण कुणाला ऐकायचं तर आधी ऐकायचं. नाव नंतर. पण नाव घ्यायचं. ते ठेवून न्हाय जायचं."

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी नुसतं कानाआड केलं.

आमचा ॲम्प मिळाला तो चौथ्या महिन्यात. दुकानाच्या कोपऱ्यात खोकी रचली होती, त्यांच्याखाली. पाच वॉट, दहा इंची स्पीकर, तीन बटणं, कापड कोपऱ्यांना फाटलेलं. टॉवेल टाकला, स्वल्प तडी झालं, मी पहिली तार छेडली आणि त्यांची पाठ सरळ झालेली मला दिसली. तिन्ही परीक्षा झाल्यावर ते बराच वेळ वळलेच नाहीत. "परत," म्हणाले. मी परत वाजवलं. "अजून एकदा." माझ्या बोटांत तेव्हा तीनच सूर धड होते, पण त्या डब्यानं ते कुणातरी शहाण्या माणसाचे असल्यासारखे काढून दाखवले.

मग ते वळले आणि टॉवेल काढला. नाव नव्हतंच. पट्टी कधीतरी पडून गेली होती, स्क्रूची दोन भोकं तेवढी उरली होती. दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. मला गंमत वाटली. त्यांना वाटली नाही. ॲम्प उलटा केला, मागची फळी काढली, बॅटरी लावून आत शोधलं, कुठं सही, शिक्का, काही आहे का म्हणून. "कुणीतरी बसून केलाय की रं ह्यो," ते म्हणाले. "त्येचं नाव पायजे हुतं."

पुढं जवळजवळ वर्षभर, दर रविवारी सकाळी ते अनगोळहून स्कूटरवर पिरनवाडीला यायचे. घरात साहेब म्हणायचं नाही, अण्णा म्हणायचं, असं त्यांनीच सांगितलं. बायको पोहे करायची. अण्णा वाजवायचे आणि मी शिकायचो, म्हणजे बघत बसायचो. माझ्या हातात जो ॲम्प जेमतेम बोलायचा तो त्यांच्या हातात गायचा. नवा सूर मला जमला नाही की ते बोटं धरून जागेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "तुझी न्हाय रं चूक. बोटं फाईल धरायला शिकल्यात." माझ्या आयुष्यातले तेवढे रविवार सुखाचे गेले. आता रविवार आला की घरात कुठं बसावं ते मला कळत नाही.

त्या रविवारी आप्पा घरी होते. आप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही नंदगडच्या बाजूचे शेतकरी. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आप्पांना पंधरा दिवस बेळगावात आणलं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं आधीच धड दिसत नव्हतं. अण्णांनी ते बघितलं, ॲम्प हळू केला आणि आप्पांच्या ओळखीचं एक भजन गिटारवर घेतलं. आप्पांनी आधी मांडीवर ताल धरला, मग हळूच गायलाच लागले. माझा बाप कुणा पाहुण्यासमोर गायलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बायको पोळी तव्यावर ठेवून दारात येऊन उभी राहिली. अण्णा जेवायला थांबणार होते, ताटं घेतलेली होती.

भजन संपलं. आप्पा म्हणाले, "वा. काय हात हाय. पावणं, नाव काय म्हणायचं तुमचं? आडनाव काय?"

अण्णा माझ्याकडं बघत होते. घर माझं होतं, बाप माझा होता, आणि मी सांगावं म्हणून ते थांबले होते. ऐकून झालं होतं. टॉवेल काढायची वेळ झाली होती.

मी म्हणालो, "आप्पा, ते आमचे साहेब हायत. निपाणीचे." आणि उगीच मोठ्यानं विचारलं, "पाणी आणू?"

बस्स. एवढंच केलं मी. कुणी कुणाला काही वाईट बोललं नाही. आप्पा काय म्हणतील, ताटावर बसतील की उठतील, गावात जाऊन काय सांगतील, हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं आणि मी नाव झाकलं. ज्या माणसानं मला नाव कधी झाकायचं आणि कधी काढायचं ते चार महिने शनिवारचे शनिवार शिकवलं, त्याचंच नाव झाकलं. मी भित्रा निघालो. दुसरा शब्द त्याला नाही.

अण्णांनी गिटार भिंतीला टेकवली. ॲम्पचं बटण बंद केलं. "आप्पा, येतो. घरी जरा काम निघालंय," म्हणाले आणि आप्पांचा हात हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले. चप्पल घालताना मी म्हणालो, "अण्णा, तुमचा टॉवेल राहिला." तो ॲम्पवर पडलेला होता.

"राहू दे तुझ्याकडं," ते म्हणाले. "तुला लागंल."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कचेरीत ते पूर्वीसारखेच वागले. माझ्या नोटमधलं कानडी दुरुस्त करायचे, माझ्या डब्यातलं लोणचं घ्यायचे. रविवारचं विचारलं की म्हणायचे, "बघू की." मला रोज वाटायचं, आज माफी मागावी. पण माफी मागायची तर काय केलं ते तोंडानं म्हणावं लागणार. मी उद्यावर ढकलत गेलो. वर्षभरात ते निवृत्त झाले, घर भाड्यानं देऊन मुलीकडं पुण्याला गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझं नाव घेतलं, म्हणाले, "ह्याचा कान चांगला हाय." मी मान खाली घालून टाळ्या वाजवल्या.

गेल्या पावसाळ्यात मुलीचा फोन आला. अण्णा गेले होते, झोपेतच. निपाणीला विहारात पुण्यानुमोदन होतं, तिथं मी ॲम्प घेऊन गेलो. त्यांच्या पार्टीतले केस पांढरे झालेले दोघं आले होते. त्यांतल्या एकानं माझ्या गिटारवर वाजवलं. मला वाजवता आलं नाही. फोटोखाली त्यांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि मी ते किती वेळ वाचत उभा होतो कुणास ठाऊक.

निपाणीहून मी पिरनवाडीला न थांबता थेट गावी गेलो. आप्पा सोप्यात बसले होते. डोळा आता चांगला झालाय. ॲम्प उतरवताना बघून म्हणाले, "त्यो आणलास व्हय? ते निपाणीचं पावणं कसं हायत? लई दिवसांपासनं इचारीन म्हणतोय. त्या दिवशी ताट घेतल्यालं तसंच राहिलं. मला आपलं वाटलं, माझ्या गाण्यालाच कटाळलं का काय."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. अण्णा गेले ते सांगितलं. मग त्यांचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट; तुम्हाला सांगण्याआधी ते आप्पांना सांगायचं होतं. घर कुठल्या वस्तीत होतं, आई-वडील काय करायचे, सांगितलं. त्या दिवशी ते माझ्याकडं का बघत होते आणि मी काय केलं, तेही सांगितलं.

ॲम्पवरचा टॉवेल आप्पांच्या हाताशी होता, त्याच्या रेघांवरून ते बोट फिरवत राहिले. मग त्यांनी ते नाव एकदा आपल्या तोंडानं घेतलं, सावकाश, आडनावासकट.

"तवाच सांगायचंस की रं," ते म्हणाले.